बघतंय, पण मानत नाही

१

आवाज साफ करणं हा तिचा पेशा. जुन्या टेपा आणि घासलेल्या तबकड्या तिच्याकडे यायच्या. त्यातली खरखर, पंख्याची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न असं एकेक सोलून काढायचं आणि मागे अडकलेला माणूस मोकळा करायचा. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरीदारी सगळे तिला ‘कानसेन’ म्हणत. नवऱ्याने चेष्टेत ठेवलेलं नाव, पण चिकटलं ते चिकटलंच.

एका ध्वनिसंग्रहालयाने काही महिन्यांसाठी बोलावलं म्हणून कानसेन परगावी येऊन राहिली होती. नवरा आणि शाळकरी लेक घरी. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान, ते सोडून त्याला हलता येत नव्हतं. तिचा मोठा संगणकही घरीच होता, मागच्या खोलीत. संग्रहालयातला संगणक त्याच्यापुढे अगदीच मरतुकडा. म्हणून संध्याकाळी ती इथून घरच्या संगणकाला काम सोपवायची आणि सकाळी टेबलाशी बसल्याबसल्या झालेलं काम उचलायची. त्यासाठी पासवर्ड लागत नसे. तिच्या संगणकात एक किल्ली होती, म्हणजे अक्षरांची एक लांबलचक माळ. घरचा संगणक ती ओळखायचा आणि काही न विचारता दार उघडायचा.

त्या सकाळी त्याने विचारलं.

पडद्यावर एकच ओळ आली. तिचं नाव, घरच्या संगणकाचं नाव आणि पुढे ‘पासवर्ड’. मग लुकलुकणारी उभी रेघ.

कानसेनने पासवर्ड टाकला. चूक. सावकाश, एकेक अक्षर बघून पुन्हा टाकला. चूक. तिसऱ्यांदा चुकल्यावर संगणकाने संबंधच तोडला.

तिने नवऱ्याला फोन लावला.

“मागच्या खोलीतल्या संगणकाला हात लावलास का रे?”

“मी? मला त्यातलं ओ का ठो कळत नाही, माहितीये ना तुला.” तो हसला. “चालेल की आपोआप. जेवलीस का?”

“सकाळचे नऊ वाजलेत.”

“हो, खरंच की!” म्हणून तो पुन्हा हसला.

फोन ठेवल्यावर कानसेनच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, ती संगणकामुळे नव्हे. इथे आल्यापासून नवरा रोज कुरकुरत होता. घर खायला उठतं, लेक ऐकत नाही, तुझं कधी संपणार ते सांग. ती कुरकूर ऐकून तिला बरं वाटायचं. आपण नसल्याने कुणाचं तरी अडतंय, याची ती रोजची पावती होती. पण गेले काही दिवस ती बंद झाली होती. त्याच्या आवाजात आज एक पोटभर समाधान होतं. कुणीतरी वेळेवर गरम वाढत असावं, तसं.

२

संग्रहालयात नेटवर्कचं काम बघणारे एक काका होते. निवृत्तीला आलेले, खिशात सतत बडीशेप. त्यांना तिने बोलावून आणलं.

काकांनी खुर्ची ओढली, प्रत्येक पायरी पडद्यावर लिहीत जा असं संगणकाला बजावलं आणि त्याला पुन्हा घरच्या संगणकात जायला लावलं. पडद्यावर ओळींमागून ओळी धावल्या.

“हे बघा,” काका एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले. “इथून किल्ली जातेय. तिकडे पोचतेय. ते बघतंय, पण मानत नाही. म्हणून पासवर्ड मागतंय.”

“का मानत नाही?”

“ते तिकडेच लिहिलेलं असणार. रुसवा कशाचा ते हे सांगत नाहीत, घरी लिहून ठेवतात. तिथे कुणी वाचून दाखवणारं आहे का?”

नवऱ्याला दुकानात जायच्या आधी गाठायला हवं होतं. तिने पुन्हा फोन लावला, त्याला मागच्या खोलीत नेलं, काय उघडायचं ते सांगितलं. त्याने अडखळत वाचून दाखवलं. फोन स्पीकरवर होता, काका ऐकत होते.

“हात्तिच्या!” काका म्हणाले. “प्रत्येकाच्या नावाचा एक कप्पा असतो, त्याला घर म्हणतात. तुमच्या घरावर दुसऱ्या कुणाला लिहायची परवानगी आहे, असं म्हणतंय ते. मग ते तुमच्या किल्लीवर विश्वास ठेवत नाही. ज्याला घरात मोकळा हात आहे, तो उद्या स्वतःची किल्ली तुमची म्हणून ठेवून देईल. संशयी असतं हो, फार.”

“पण दुसरं कोण आहे तिथे?”

“कुणी नसतं. चुकून होतं. एक ओळ टाइप करायला सांगा, मिटेल.”

कानसेन नवऱ्याला ती ओळ एकेक अक्षर सांगू लागली. नवरा एका बोटाने टाइप करायचा. अक्षर शोधायचं, जिभेने ‘च्’ करायचं, मग टक्. दुकानाची बिलं करताना तिने ते हजारदा ऐकलं होतं.

पलीकडून सर्रकन आवाज आला. दहा बोटांचा. तिची निम्मी ओळ सांगून व्हायच्या आत पलीकडे ती पूर्ण झाली, आणि शेवटचं बटण जरा जोरात दाबलं गेलं.

“झालं,” नवरा म्हणाला.

“कोण टाइप करतंय?”

“मीच की.”

“तू नाहीस.”

नवरा म्हणाला, “तुला ना, लांब बसून काहीबाही ऐकू यायला लागलंय. बघ बरं, उघडतंय का आता.”

उघडलं. काकांनी बडीशेप पुढे केली. कानसेनने ती घेतली आणि खायची विसरून गेली. फोनवरून कुणाचा आवाज कसा लागतो, कुठे दबतो, हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं? ‘मीच की’ म्हणताना नवऱ्याचं तोंड फोनकडे नव्हतं. तो वळून कुणाकडे तरी बघत होता, हसतही असावा.

३

नवऱ्याच्या दुकानात डोळे तपासायला एक नवी बाई येऊ लागली होती. कानसेनने तिला पाहिलं नव्हतं, पण नवऱ्याच्या तोंडून ‘हुशार आहे हं’ असं दोनदा ऐकलं होतं. दोनदा म्हणजे जरा जास्तच, असं तिला आता वाटू लागलं. हुशार आहे, म्हणजे दहा बोटांनी टाइप करत असणार. घरी येत असणार. मागच्या खोलीत, माझ्या खुर्चीत बसत असणार. एकदा विचार सुटला की त्याला लगाम राहत नाही. तिने त्या बाईला केस दिले, पांढरी, लांब बोटं दिली आणि स्वतःच्याच स्वयंपाकघरात उभं करून अंगाचा तिळपापड करून घेतला.

दुपारी ती घरच्या संगणकात शिरली आणि जे कधी केलं नव्हतं ते केलं. आत्ता आत कोण कोण आहे, हे विचारलं.

दोन ओळी आल्या. दोन्हींत तिचंच नाव.

एक लांबून आलेली, ती स्वतः. दुसरी तिथलीच, त्या खोलीतल्या कळफलकावर बसलेली. आणि ती दुसरी नुसती बसलेली नव्हती. तिने शेवटचं बटण कधी दाबलं, तेही तिथे दिसत होतं. आत्ताच.

लेक शाळेत, नवरा दुकानात. घराला कुलूप असायची वेळ.

तिने दुकानात फोन लावला. मागे गिऱ्हाइकांची बोलणी ऐकू येत होती.

“घरी कोण आहे आत्ता?”

“घरी?” नवरा कुणाला तरी चष्मा दाखवत असावा, निम्मं लक्ष तिकडे. “घरी तूच—” तो थांबला. “तूच सांग ना, कोण असणार? कुलूप आहे.”

“ती तुमची डोळे तपासणारी कुठे आहे?”

“ही काय समोर, काम करतेय. का गं?”

खरंच पलीकडे एक बायकी आवाज कुणाला तरी विचारत होता, “आता अक्षरं स्पष्ट दिसतात का?” घोगरा, वयस्क आवाज. पन्नाशीच्या पुढची बाई होती ती.

आपण मूर्ख आहोत असं म्हणून कानसेनला हायसं वाटायला हवं होतं. तिला आणखी भीती वाटली. मघापर्यंत मत्सराला निदान एक तोंड होतं.

तिने पडद्याकडे पाहिलं. दुसरी ओळ नाहीशी झाली होती. कुणीतरी उठून गेलं होतं.

४

संध्याकाळी लेकीशी बोलणं झालं. लेक घाईत होती, खायला बसायचं होतं.

“आई, उद्या वेण्या घट्ट घाल हं. आजच्या शाळेत सुटल्या.”

“आज कुणी घातल्या?”

लेक हसली. आई काहीतरी गंमत करतेय असं समजून हसावं, तशी. मग आतून कुणीतरी तिला हाक मारली असावी. “आले!” म्हणून तिने फोन ठेवला.

वेण्या! ही पोर घरच्यांना बधत नसे. कंगवा बघितला की पलंगाखाली शिरायची. इकडे यायला निघायच्या आधी कानसेनने कंटाळून तिचे केस कापून टाकायचं बोलून दाखवलं होतं. आणि आता कुणीतरी रोज सकाळी तिला पुढ्यात घेऊन वेण्या घालत होतं, आणि ती घालून घेत होती.

मागच्या खोलीत तिचा चांगला मायक्रोफोन होता, संगणकाला जोडलेलाच. इथून तो चालू करता येत होता. आपल्याच घरातलं चोरून ऐकणं लाज वाटण्यासारखंच होतं, आणि लाज वाटलीही. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी तिने तो चालू केला, संध्याकाळी बंद केला आणि जमलेला आवाज इकडे ओढून घेतला.

काम संपल्यावर ती हेडफोन लावून बसली. शेजारच्या टेबलावर काका धुतलेला डबा पुसत होते.

आधी रिकामी खोली. ती खोली तिला तळहातासारखी पाठ होती. एका फेरीत अडखळणारा पंखा, भिंतीतून जाणारी पाण्याची नळी, खिडकीचं सैल तावदान. मग दार. चपलांचा आवाज नाही. खुर्ची कुरकुरली. कळफलक वाजू लागला. बराच वेळ तेवढंच.

मग लेक आली. दप्तर आपटलं. “आज गणितात मी पहिली!” आणि उत्तरादाखल कुणीतरी काहीतरी बोललं. पंख्याच्या घरघरीत बुडालेलं, पण लेक खिदळली. मग नवरा आला. दुकान सोडून, इतक्या लवकर! तिच्यासाठी तो कधी लवकर आला नव्हता. तिघं बोलत होती. कपबशी वाजली. कुणीतरी गुणगुणलं.

कानसेनने जिवाचा कान केला. मग तिला जे येत होतं ते तिने केलं. पंखा काढला. नळी काढली. तावदान काढलं. एकेक पापुद्रा निघत गेला आणि तो बायकी आवाज हळूहळू वर आला.

तो तिचा होता.

सारखा नव्हे, तिचाच. ‘ळ’ म्हणताना जीभ किंचित उशिरा सुटते, ती तिची खोड. तिने स्वतःला समजावलं. नवऱ्याने माझं जुनं ध्वनिमुद्रण लावलं असेल. घर खायला उठतं म्हणून. बिचारा. पण लेक मध्येच काहीतरी विचारत होती आणि आवाज तिला नीट उत्तर देत होता. आजच्या गणिताचं.

आणखी एक होतं. पंखा काढल्यावर लेकीचा श्वास ऐकू येत होता, नवऱ्याचाही. त्या आवाजाच्या दोन वाक्यांमध्ये काहीच नव्हतं. साफ करताना चुकून खरवडलं गेलं असेल म्हणून तिने मूळ मुद्रण पुन्हा तपासलं. तिथेही नव्हतं.

शेवटी शेवटी लेक खेळायला गेली. नवरा अगदी जवळ येऊन बोलला. हा सूर कानसेनने लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर ऐकला नव्हता.

“तू आहेस म्हणून बरं आहे. ती असताना घर असं नव्हतं.”

“कोण ती?” तिच्या आवाजाने विचारलं.

आणि दोघं हसली.

कानसेनने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. “काय हो, बरं वाटत नाही का?” काकांनी विचारलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण काकांना वाटलं तसं भीतीने नव्हे. ती जळत होती.

५

दुसऱ्या सकाळी संगणकाने पुन्हा पासवर्ड मागितला. कसलाच पासवर्ड त्याला चालेना. काकांना बोलवायच्या आधीच तिला कारण ठाऊक होतं, तरी काकांनी बघितलं. घरच्या संगणकाच्या नोंदी इकडेही येतील अशी सोय त्यांनी दोन दिवसांपूर्वीच करून ठेवली होती, त्या वाचून डोकं खाजवलं.

“आता घरावर दुसऱ्या कुणाला परवानगी आहे, असं म्हणत नाही ते.”

“मग?”

“घर ज्याचं आहे त्याचंच आहे, असं म्हणतंय. तुमची किल्लीच त्याला माहीत नाही. नव्याने आलेल्या माणसाला विचारावं तसं विचारतंय.” काकांनी बडीशेपेसाठी खिशात हात घातला आणि तसाच राहू दिला. “घरी जाऊन या एकदा. असं लांबून नाही सुटायचं हे.”

तिने नवऱ्याला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर उचलला.

“हॅलो, कोण बोलतंय?”

“मी.”

“मी म्हणजे? कोण हवंय आपल्याला?”

आवाजात खोटेपणा असता तर तिने तो पकडला असता. जन्मभर तेच केलं होतं. तो तिला खरोखरच विचारत होता, तसाच सभ्यपणे, जसा गिऱ्हाइकांना विचारायचा.

“एक मिनिट हं बाई,” नवरा म्हणाला, आणि तोंड वळवून मोठ्याने, “अगं, बघ बरं. कुणीतरी बाई आहेत. तुझ्या कामातल्या असतील.”

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

“बोला,” तिचाच आवाज तिच्या कानात म्हणाला. मग थांबला. श्वास नाही, खाकरणं नाही. थांबून ऐकणारा आवाज.

कानसेनने फोन बंद केला आणि पर्स उचलली.

६

ती पोचली तेव्हा दुपार कलत होती. गल्ली तीच होती. दारापुढची झाडं तीच, पण त्यांना पाणी घातलेलं. तिच्या हातून ती कायम सुकायची. किल्ली पर्समध्ये होती. ती लावायचा धीर झाला नाही. घराला वळसा घालून ती मागच्या खोलीच्या खिडकीशी गेली.

खिडकी अर्धी उघडी होती. आत दिवा लावलेला.

खुर्चीत पाठमोरं कुणीतरी बसलं होतं. कानसेनचा घरात घालायचा निळा कुर्ता, मोकळे सोडलेले केस. नवरा समोर वाकून उभा होता. हातात नवी चष्म्याची फ्रेम. दुकानात रोज कितीतरी लोकांना तो चष्मे लावून बघायचा, पण इतक्या नाजूकपणे नाही. कानसेनने चाळिशीचा चष्मा मागितला तेव्हा त्याने तो डबीत घालून टेबलावर ठेवून दिला होता.

त्याने फ्रेम त्या चेहऱ्यावर ठेवली, एका बाजूचे केस हलकेच मागे सारले आणि चष्म्याची काडी अडकवायला जागा शोधू लागला.

त्याची बोटं केसांखाली थोडं वर गेली, थोडं खाली. काडी टेकेना, निसटून खाली आली. तिथे टेकायला काही नव्हतं. गालावरची कातडी तशीच सलग मागे मानेपर्यंत गेलेली होती, ताणून बसवल्यासारखी.

नवरा दचकला नाही. त्याने प्रेमाने हसून केस पुन्हा पुढे घेतले, नीट झाकले, आणि म्हणाला, “असू दे. दोरी लावून देतो.”

त्याला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं आणि तरी त्याला हीच हवी होती. कानसेनने खिडकीचा गज धरला. पळून जावं असं तिला वाटायला हवं होतं. तिला आत घुसावंसं वाटत होतं. त्या केसांना धरून ओढावं आणि विचारावं, माझ्यात काय कमी होतं?

खुर्चीतलं डोकं खिडकीकडे वळू लागलं. कानसेन भिंतीला चिकटली.

७

अंगणात लेक एकटीच चेंडूचे भिंतीवर टप्पे पाडत होती. घट्ट, सारख्या दोन वेण्या. कानसेन बाहेरून कुंपणाशी आली आणि हळूच तिला हाक मारली, फक्त दोघींच्यातल्या लाडक्या नावाने.

लेकीने चेंडू धरला. कुंपणाच्या आतल्या बाजूला येऊन थांबली. चेहऱ्यावर भीती नव्हती. ती नीट बघत होती, वरपासून खालपर्यंत.

“चल माझ्याबरोबर,” कानसेन म्हणाली. “आत्ता. चप्पल राहू दे.”

“तू कोण?”

“अगं मी आई!”

लेक विचारात पडली. मग शाळेत शिकवलेलं म्हणून दाखवावं तशी म्हणाली, “कुणी म्हणालं मी आईकडून आले, नाहीतर मी आई आहे, तरी तसंच जायचं नाही. परवलीचा शब्द विचारायचा. आईने सांगितलंय.”

कानसेननेच सांगितलं होतं. लेक पहिल्यांदा एकटी शाळेत जाऊ लागली तेव्हा दोघींनी पांघरुणात शिरून तो शब्द ठरवला होता. नवऱ्यालाही माहीत नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“उलटी छत्री,” ती म्हणाली.

लेकीचा चेहरा उजळला. क्षणभरच. तिचा हात कुंपणातून पुढे आला, कानसेनच्या बोटांना लागला. गरम, चेंडूची धूळ लागलेला हात. मग ती थबकली.

“तो जुना,” ती म्हणाली. “आईने बदलला ना.”

“कधी? नवा कुठला?”

“असा सांगायचा नसतो.” लेकीला वाईट वाटत होतं, स्पष्ट दिसत होतं. तिने हात मागे घेतला, पण गेली नाही. “तू आठवून बघ. एकदा अजून सांग.”

कानसेनने आठवून बघितलं. पोरीच्या लहानपणापासूनचे सगळे बोबडे शब्द आठवले, सगळी खेळणी, अंगाईतली नावं. गेल्या काही आठवड्यांत या अंगणात काय झालं होतं, पोर कशाला हसली होती, कशाला रडली होती, यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं.

दार उघडलं. उंबऱ्याच्या आतला अंधार दिसला, त्यात निळ्या कुर्त्याची कड.

“कुणाशी बोलतेयस गं?” दारातून कानसेनचा आवाज आला.

लेकीने एकदा कुंपणाकडे पाहिलं, एकदा दाराकडे.

“कुणाशी नाही,” ती म्हणाली, आणि चेंडू छातीशी धरून आत पळाली.